शंखांना आपल्या गावांची नावे देणारे हिस्लॉप साहेब

(इयत्ता ४ थी)



आपल्या विदर्भात पुष्कळ थोर माणसे होऊन गेली. काही इथेच जन्मली. काही दूरदेशाहून आली आणि इथलीच झाली. दुरून आलेल्यांमध्ये एक होते स्टीफन हिस्लॉप. नागपूरला त्यांच्या नावाचे मोठे कॉलेज आहे. कॉलेजचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हिस्लॉप कोण होते ते फार थोड्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी मला त्यांची माहिती सांगितली. ती मी माझ्या शब्दांत लिहीत आहे.

हिस्लॉप साहेबांनी शाळा काढल्या, गोंड लोकांची गाणी लिहून घेतली. पण मला त्यांचे तिसरेच काम जास्त आवडले. त्यांनी दगडात सापडलेल्या शंखांना नावे दिली. आणि त्या नावांमधून आपल्या भागात कोटी वर्षांपूर्वी गोडे पाणी होते का खारे, हे शोधून काढले. आपण तर खारपाणपट्ट्यात राहतो. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

जन्म आणि नागपूरला येणे

हिस्लॉप साहेबांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंड देशात डन्स नावाच्या गावी झाला. त्यांचे पुढचे शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो या शहरांत झाले. ते ख्रिस्ती मिशनरी झाले. १८४४ साली ते बायकोला घेऊन हिंदुस्थानात यायला निघाले. समुद्रातून जहाजाने ते मुंबईला उतरले आणि १८४५ साली नागपूरला पोचले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

त्या वेळी आपल्याकडे रेल्वे नव्हती. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. म्हणजे हिस्लॉप साहेब आले तेव्हा आपले मूर्तिजापूरचे टेसनही नव्हते. मुंबईहून नागपूरपर्यंतचा सगळा रस्ता त्यांना गाडीशिवाय कापावा लागला. आज आपण मूर्तिजापूरला सकाळी गाडीत बसलो की दुपारी नागपूरला उतरतो.

नागपूरवर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघुजी राजे गादीवर होते. ते १८५३ साली वारले. त्यांना मुलगा नव्हता म्हणून इंग्रजांनी ते राज्य घेऊन टाकले. हे सगळे हिस्लॉप साहेबांच्या डोळ्यांदेखत झाले.

साहेब मराठी शिकले. मराठी आल्याशिवाय इथे कोणाशी बोलणार? १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे मिशनरी आले. दोघेही गावोगाव फिरत. फिरताना त्यांचे लक्ष नुसते माणसांकडे नसे. नाल्याच्या काठाचे, टेकडीचे गोटे बी ते उचलून पाहत.

काळ्या दगडातला शंख

नागपूरच्या जवळ टाकळी नावाचे गाव होते. आता ते शहरातच गेले आहे. १८५१ च्या सुमारास त्या टाकळीच्या दगडात या दोघांना प्राण्यांचे आणि झाडांचे अवशेष सापडले. अवशेष म्हणजे पूर्वीच्या जिवांच्या खुणा, ज्या आता दगड होऊन बसल्या आहेत. त्यांना जीवाश्मही म्हणतात. मग काय, त्यांना नादच लागला. टाकळी, तेलंखेडी आणि आजूबाजूच्या गावांत त्यांनी शोध केला. दगड झालेली फळे मिळाली, बिया मिळाल्या, लाकूड मिळाले, किड्यांचे पंख मिळाले. आणि सगळ्यात जास्त काय मिळाले असेल तर शंख.

शंख म्हणजे नुसता देवघरातला शंख नव्हे. गोगलगाईचे जे घर असते ते शंखच असते. पावसाळ्यात सोयाबीनच्या वावरात गोगलगायी येतात, तळ्यात गोगलगायी असतात आणि समुद्रातही असतात. देवघरातला पांढरा शंख ही समुद्रातल्या गोगलगाईची टोपी आहे. माहूरच्या रेणुकामातेच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, ती कवडीसुद्धा समुद्रातली गोगलगायच. आपल्यापासून समुद्र शेकडो कोस दूर, पण त्याच्या गोगलगायी आपल्या देवघरात आहेत.

हिस्लॉप साहेबांच्या आधीही असे शंख सापडले होते. माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी दक्षिणेकडच्या डोंगरांतून ते गोळा केले होते आणि सोवर्बी नावाच्या शास्त्रज्ञांनी १८४० साली त्यांतल्या काहींना नावे दिली होती. पण नागपूरकडचे इतके शंख इतक्या बारकाईने हिस्लॉप आणि हंटर यांनीच पाहिले. त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला.

दगडाच्या मधात शंख कसे गेले?

हे मला आधी कळेना. गुरुजींनी शिदोरीचे उदाहरण दिले. बाबा वावरात जाताना आई दोन भाकरी बांधून देते आणि दोन्हीच्या मधात ठेचा ठेवते. तसेच हे आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून पातळ झालेला लालभडक दगड बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला आणि थंड होऊन काळा दगड झाला. ही झाली खालची भाकर. मग हजारो वर्षे शांत गेली. त्या दगडावर पाऊस पडला, खोलगट जागी तळी झाली, गवत आणि झाडे उगवली, तळ्यात गोगलगायी झाल्या. त्या मेल्या की त्यांचे शंख चिखलात रुतले. हा झाला ठेचा. मग पुन्हा भेगा फुटल्या आणि पुन्हा लाव्हा आला. त्याने तळे झाकून टाकले. ही झाली वरची भाकर. असे पुष्कळ वेळा झाले.

तो काळा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जागेवर आहे. आपली काळी माती त्या काळ्या दगडाचीच झीज होऊन झाली. पऱ्हाटीला आवडते ती ही माती. विहीर खोदताना पहार ज्यावर टणकन वाजते तो हाच दगड. हिस्लॉप साहेबांनी या दोन भाकरींच्या मधला ठेचा शोधला.

नाव कशाला द्यायचे?

कोणी म्हणेल, शंख सापडला तर सापडला, त्याला नाव कशाला? याचे उत्तर मला जामाच्या झाडाने दिले.

आपण ज्याला जाम म्हणतो त्याला पुण्याकडे पेरू म्हणतात. तिकडे जाम म्हटले की दुसरेच फळ हातावर ठेवतात. कोहळ्याचेही तसेच. आपण भाजी करतो त्या लाल कोहळ्याला तिकडे भोपळा म्हणतात. एका राज्यात एका भाषेत इतका गोंधळ, तर साऱ्या जगात किती होत असेल!

म्हणून स्वीडन देशाचे लिनियस नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी एक पद्धत ठरवली. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचे नाव द्यायचे आणि ते लॅटिन भाषेच्या वळणाचे ठेवायचे. १७५८ साली त्यांनी प्राण्यांसाठी ही पद्धत आपल्या पुस्तकात सगळीकडे वापरली. तेव्हापासून प्राण्यांची नावे तिथून मोजतात. आपल्या जामाला साऱ्या जगात सिडियम ग्वाजावा म्हणतात. पुण्याचा शास्त्रज्ञ असो की जपानचा, त्याला ते नाव कळते.

दोन शब्द का? आपल्या हजेरीपटात पाहा. आधी आडनाव लिहितात, मग नाव. एकाच आडनावाची चार मुले असली तरी नावामुळे वेगळी कळतात. तसेच पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा शब्द त्या एका जातीचा.

आणि घराण्याच्या वरही पायऱ्या असतात. आपण पत्ता लिहितो तेव्हा घर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे लिहितो. गोगलगाईचाही पत्ता असतो. ती प्राणी आहे. प्राण्यांमध्ये ती मऊ अंगाच्या प्राण्यांत येते. त्यांना मृदुकाय म्हणतात. शिंपलीसुद्धा मृदुकाय आहे. मृदुकायांमध्ये गोगलगाय उदरपाद आहे, कारण ती पोटाच्या बाजूनेच सरकत चालते. मग तिचे कुळ, मग घराणे आणि शेवटी तिची जात. याला वर्गीकरण म्हणतात. वर्ग म्हटले की आपल्याला शाळेची खोली आठवते. शास्त्रज्ञही जिवांना आपापल्या वर्गात बसवतात.

मेलेल्या गोगलगाईचे मऊ अंग तर राहत नाही. मग तिला ओळखायचे कसे? हिस्लॉप साहेबांजवळ फक्त शंख होते, तेही दगडात चिकटलेले. ते शंखाचे वेढे मोजत. शंख उंच आहे का बुटका, तोंड गोल आहे का लांबट, वरून रेघा आहेत का गुळगुळीत, हे सगळे पाहत. एक गंमत सांगतो. शंखाचे टोक वर करून तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक शंखांचे तोंड उजव्या हाताला येते. पण नागपूरकडे मिळणाऱ्या एका शंखाचे तोंड डाव्या हाताला येते. तो डावखुरा आहे. त्याचे नाव फायसा प्रिन्सेपी. हे नाव सोवर्बी यांनीच दिले होते. प्रिन्सेपी हा शब्द प्रिन्सेप या आडनावावरून आला आहे.

आपल्या गावांची नावे

१८६० साली हिस्लॉप साहेबांचा मोठा लेख त्याच लंडनच्या त्रैमासिकात आला. त्यात त्यांनी एकेका शंखाचे वर्णन केले आणि ज्यांना नाव नव्हते त्यांना नावे दिली. ही नावे वाचून मला फार आनंद झाला.

एका शंखाचे नाव लिम्निया तेलंखेडीएन्सिस. नागपूरचे तेलंखेडी तळे ऐकले असेल, त्या तेलंखेडीवरून हे नाव आले. दुसऱ्याचे नाव सक्सिनिया नागपुरेन्सिस. हे नागपूरवरून आले. तिसऱ्याचे पालुडिना टाकळीएन्सिस. हे टाकळीवरून. शेवटच्या एन्सिस या तुकड्याचा अर्थ त्या गावचा. आपण नागपुरी संत्रा म्हणतो, वऱ्हाडी ठेचा म्हणतो, तसेच. आपल्या सोबत्याला बी ते विसरले नाहीत. मेलानिया हंटेरी हे नाव त्यांनी हंटर साहेबांवरून ठेवले.

त्यांना आपले स्वतःचे नाव त्या शंखांना देता आले असते का? तशी रीत नाही. आपण नाव देतो तेव्हा स्वतःचे नाव द्यायचे नसते. दुसऱ्याचे द्यावे, गावाचे द्यावे किंवा रंगरूपाचे द्यावे. म्हणून लंडनच्या पुस्तकात तेलंखेडी आणि टाकळी गेली. टाकळीच्या त्या जागेवर आता घरे झाली आहेत. पण जगात कोणीही तो शंख अभ्यासला तरी त्याला टाकळीचे नाव घ्यावेच लागेल.

पुढे अभ्यास वाढला की कधी कधी शंखाचे घराणे बदलते. लग्न झाल्यावर ताईचे आडनाव बदलते पण ताई तीच असते, तसे. लिनियस यांनी आपल्या पांढऱ्या कवडीला सिप्रिया मोनेटा नाव दिले होते. आता तिला मोनेटारिया मोनेटा म्हणतात. पहिला शब्द बदलला, दुसरा राहिला. म्हणजे हिस्लॉप साहेबांच्या शंखांचे घराणे बदलले तरी गावाचे नाव पुसले जात नाही.

खारे का गोडे?

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचे पाणी खारे. त्यात डाळ शिजत नाही. ओलितही करता येत नाही. माझी आजी सांगते की पूर्वी इथे समुद्र होता म्हणून पाणी खारे आहे. गावातले पुष्कळ लोक तसेच सांगतात. मला वाटले, हिस्लॉप साहेबांच्या शंखांना विचारून पाहावे.

शंखाला विचारायचे म्हणजे त्याचे घराणे पाहायचे. प्रत्येक घराण्याची राहायची जागा ठरलेली असते. लिम्निया घराणे गोड्या पाण्यात राहते. फायसा घराणेही गोड्या पाण्यातले. सक्सिनिया पाण्याच्या काठी ओल्या जागेत राहते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ही घराणी राहत नाहीत. म्हणून नागपूरचे शंख पाहून हिस्लॉप साहेबांनी ठरवले की इथे समुद्र नव्हता, गोड्या पाण्याची तळी होती.

पण त्यांच्याकडे दुसरेही शंख होते. ते आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे होते. राजमहेंद्री गोदावरीच्या काठी आहे आणि समुद्रापासून लांब नाही. तिथेही लाव्ह्याच्या दगडाच्या मधात शंख सापडले होते. ते पाहिले तर वेगळेच निघाले. एकाला हिस्लॉप साहेबांनी टर्रिटेला प्रिलाँगा नाव दिले. टर्रिटेलाचा शंख लांब आणि पिळाचा असतो, सुताराच्या मळसूत्रासारखा. दुसऱ्याला नॅटिका स्टॉडर्डी नाव दिले. नॅटिकाचा शंख गोल गरगरीत असतो. टर्रिटेला आणि नॅटिका ही दोन्ही घराणी समुद्रातली आहेत. म्हणजे राजमहेंद्रीला समुद्राचे पाणी पोचत होते.

पाहा, दगड एकसारखे. वर काळा, खाली काळा, मधात शंख. नुसता दगड पाहिला असता तर दोन्हीकडे एकच झाले असे वाटले असते. पण शंखाचे नाव आणि घराणे नीट ठरवल्यावर कळले की नागपूरला तळे होते आणि राजमहेंद्रीला समुद्र होता. नाव चुकले असते तर समुद्रच चुकीच्या जागी गेला असता. म्हणून नाव देणे हे पोरखेळाचे काम नाही.

मग आपल्या खाऱ्या पाण्याचे काय? गुरुजींनी सांगितले की आपली जमीन पूर्णा नदीने आणलेल्या गाळाची आहे. हा गाळ काळ्या दगडापेक्षा पुष्कळ नवा आहे. तो चिकण आहे, त्यातून पाण्याचा निचरा नीट होत नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. बाबांचा सदरा घामाने भिजून वाळला की पाठीवर पांढरे डाग दिसतात, तसेच. खारेपणाचे एक कारण हे सांगतात. म्हणून पाणी खारे आहे एवढ्यावरून इथे समुद्र होता असे म्हणता येत नाही. त्याला शंखाचा पुरावा पाहिजे. आजीला मी हे समजावून सांगितले. ती हसली, पण तिने मान हलवली.

तरी आजीची गोष्ट अगदीच सोडून देऊ नका. नागपूरच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचे गाव आहे. तिथल्या दोन भाकरींच्या मधल्या थरात शास्त्रज्ञांना समुद्रातल्या अगदी बारीक जिवांची कवचे सापडली. डोळ्यांना दिसत नाहीत इतकी ती बारीक आहेत. ते त्यांनी २००९ साली छापले. समुद्राच्या पाण्याची एक चिंचोळी पट्टी नर्मदा आणि तापीच्या बाजूने आत शिरली असावी, असे त्यांनी मांडले. आपली पूर्णा तापीलाच जाऊन मिळते. म्हणजे हिस्लॉप साहेबांनी सुरू केलेले काम अजून संपलेले नाही.

बाकीचे काम

हिस्लॉप साहेब गोंड लोकांमध्ये फिरत. त्यांनी गोंडी भाषेतले शब्द आणि गोंडांच्या लिंगो देवाची गाणी लिहून घेतली. ती गाणी तोपर्यंत फक्त तोंडी होती. त्यांचे हे कागद त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल साहेबांनी १८६६ साली छापले.

शाळेचे कामही ते शेवटपर्यंत करत होते. सकाळी मुलांना शिकवायचे आणि वेळ मिळाला की दगड, शंख, किडे पाहायचे. आपल्याकडे कोणी असे केले तर लोक त्याला रिकामटेकडा म्हणतात. पण त्यांच्या त्या नादातूनच एवढे ज्ञान मिळाले.

मृत्यू

नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट नावाचे गाव आहे. तिथे फार जुन्या काळच्या लोकांनी मोठमोठे दगड गोल मांडून ठेवले आहेत. ते पाहायला हिस्लॉप साहेब गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ चा दिवस होता. पावसाळ्याचे दिवस. परत येताना वाटेतला नाला भरलेला होता. तो पार करताना ते पाण्यात बुडाले आणि वारले. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती.

हे वाचून मला वाईट वाटले. आपल्याकडेही पावसाळ्यात नाल्याला पूर येतो. टोंगळ्याइतके पाणी दिसते, पण ते माणसाला ओढून नेते. त्यात कोणी बंडी घालतो, कोणी मोटरसायकल घालतो. हिस्लॉप साहेब तर अठरा वर्षे इथले नाले पाहत होते. तरी नाल्याने त्यांना सोडले नाही. म्हणून पूर उतरेपर्यंत थांबावे, घाई करू नये.

त्यांचे नाव

त्यांनी स्वतःचे नाव कोणाला दिले नाही, पण दुसऱ्यांनी दिले. गोड्या पाण्यात झिलईसारखा चिकटून राहणारा एक बारीक प्राणी आहे. त्याला कार्टर नावाच्या शास्त्रज्ञांनी १८५८ साली हिस्लोपिया लॅकस्ट्रिस नाव दिले. लॅकस्ट्रिस म्हणजे तळ्यातला. एका हिरव्या दगडालाही त्यांच्यावरून हिस्लोपाइट म्हणतात. आणि १८८३ साली नागपूरला सुरू झालेले कॉलेज तर आहेच. अशी त्यांची नावे पाण्यात, दगडात आणि शाळेत राहिली.

आपण काय करावे?

थोर माणसाचे चरित्र वाचून नुसते नमस्कार करून चालत नाही. त्यांचे काम थोडे तरी आपण केले पाहिजे. म्हणून मला आईबाबांना एक विनंती करायची आहे.

आपल्याकडे विहिरी खोदतात, शेततळे करतात, रस्त्यासाठी खदानीतून दगड काढतात. ते दगड गिट्टीच्या मशीनमध्ये जातात आणि त्यांचा चुरा होतो. त्यात एखादा शंख असला तर तोही जातो. साडेसहा कोटी वर्षे जो टिकला तो एका मिनिटात संपतो. बोअरच्या मशीनमध्ये तर पीठच होते, काही दिसतच नाही.

तेव्हा काळ्या दगडाच्या मधात पांढरट किंवा पिवळसर मातीसारखा थर दिसला तर जरा थांबून पाहावे. त्यात वेढ्याची, गोल किंवा टोकदार काही वस्तू दिसली तर ती फेकू नये. फोडून काढायलाही जाऊ नये, सगळा गोटाच शाळेत आणावा. आणि सोबत चिठ्ठी जरूर लिहावी. गाव कोणते, वावर कोणाचे, किती हात खोल सापडले, ही माहिती त्यात पाहिजे. चिठ्ठी नसली तर शंख कुठला ते कळत नाही आणि मग त्याचा काही उपयोग होत नाही. हिस्लॉप साहेबांनी कोणता शंख टाकळीचा आणि कोणता तेलंखेडीचा हे लिहून ठेवले म्हणूनच ती नावे झाली.

आमच्या वर्गात आम्ही खिडकीजवळच्या फळीवर त्यासाठी जागा केली आहे. आतापर्यंत तिथे तळ्यातल्या गोगलगाईचे सात शंख, दोन शिंपल्या आणि एका मुलीने माहूरहून आणलेली कवडी आहे. प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली आहे. सातही शंखांची तोंडे उजवीकडे आहेत. डावखुरा अजून कोणालाही मिळालेला नाही. ज्याला मिळेल त्याने आणावा. शंख कोणी आणला त्याचे नाव आणि गावाचे नाव, दोन्ही आम्ही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहू.